नव्याण्णव कोणाजवळ सोडली?

सुलक्षणा टीचरच्या पिशवीतून शनिवारी काय निघेल, याचा नेम नसे.

शिंदखेडा तालुक्यातली ती मिशनची शाळा. पोरं चारशेच्या वर, बहुतेक आसपासच्या शेतकऱ्यांची. शनिवारी दुसऱ्या तासाला ही सगळी मूल्यशिक्षणाला बसत, आणि कॅथलिक पोरं तेवढी कोपऱ्यातल्या वर्गात धर्मशिक्षणाला. उणीपुरी सतरा. दुसरी ते पाचवीतली, सातपुड्यातल्या पाड्यांवरून आलेली, शाळेच्याच वसतिगृहात राहणारी. त्यांना शिकवायला सुलक्षणा गावित. वय अठ्ठावीस, माहेर नवापूरकडचं, आवाज खणखणीत, आणि स्वभाव असा की एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती करूनच खाली बसायची.

तिचं म्हणणं एवढंच होतं की पोरांना नुसतं सांगून भागत नाही, दाखवावं लागतं. ‘तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात’ हा धडा आला, तेव्हा तिनं बिनमिठाची खिचडी करून आणली आणि पोरांना एकेक घास खायला लावला. पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली. मग वरून मीठ घातलं. ‘दिवा लावून कोणी टोपलीखाली ठेवत नाही’ हा धडा आला, तेव्हा बाईंनी खरंच दिवा लावला आणि खरंच टोपलीखाली ठेवला. आता वाळल्या बांबूची टोपली ती, पेटायला कितीसा वेळ लागणार? मुख्याध्यापिका सिस्टर रत्ना बादली घेऊन धावत आल्या. वर्गभर धूर, पोरं खोकतायत आणि हसतायत. पण एक खरं, दिवा टोपलीखाली का ठेवू नये हे त्या सतरा जणांपैकी एकही जण मरेपर्यंत विसरायचा नाही.

सिस्टर रत्नांनी तो प्रकार पोटात घातला. पण बातमी धुळ्याला पोचायची ती पोचलीच.

जानेवारीच्या शेवटी धुळ्याहून फादर प्रेमराज यांचा फोन आला. आसपासच्या मिशन शाळांमधलं धर्मशिक्षण त्यांच्याकडे. माणूस वाईट नव्हता, पण व्यवस्थेचा भारी भोक्ता. त्यांनी ठरवलं होतं की जूनपासून सगळ्या शाळांत एकच पद्धत. मोठा टीव्ही, त्यावर बायबलमधल्या गोष्टींची कार्टून, प्रत्येक शनिवारचा व्हिडिओ ठरलेला. टीचरनं फक्त बटण दाबायचं.

‘‘दृश्य साधनं तुम्हालाही आवडतात, सुलक्षणा टीचर,’’ फादर म्हणाले, ‘‘मग हेही दृश्य साधनच आहे की. शिवाय यात काही पेटत नाही.’’

‘‘फादर, बटण दाबायला मी कशाला हवी? ते काम शिपाईमामासुद्धा करतील.’’

पलीकडे फादर हसले. ‘‘बरं. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी मी येतो. तुमचा एक पाठ बघतो. पोरांच्या मनात तुमच्या पद्धतीनं जास्त उतरतंय असं मला वाटलं, तर तुमच्या शाळेत टीव्ही नाही. नाही वाटलं, तर जूनपासून बटण.’’

सुलक्षणानं फोन ठेवला. खरं सांगायचं तर आठवड्यातले पाच दिवस ती गणित आणि भूगोल शिकवायची, ते नोकरी म्हणून. शनिवारचा तो एक तास मात्र तिचा होता. त्या तासासाठी ती सोमवारपासून विचार करायची, बाजारात वस्तू हुडकायची, रात्री पुठ्ठे कापायची. तो तास गेला तर पगारात काही कमी होणार नव्हतं, पण आयुष्यातली गंमतच गेली असती.

पाठ कोणता घ्यायचा हे ठरवायला तिला वेळ लागला नाही. हरवलेलं मेंढरू. गेल्या वर्षी तिनं हा पाठ तक्त्यावर घेतला होता. बाजारातल्या पाट्या रंगवणाऱ्या हितेंद्र पेंटरकडून चित्र काढून घेतलं होतं. पेंटरनं टेकडीवर पांढरी मेंढरं काढली, पण ती अशी काढली की पोरांनी ‘‘टीचर, एवढी फुलकोबी कोणाच्या वावरात?’’ असं विचारलं. यंदा तसं होणार नव्हतं. कारण यंदा शाळेमागच्या पुनाभाऊंच्या वावरात खरीखुरी मेंढरं बसली होती.

कापूस वेचून झाला की खताच्या आशेनं शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. पुनाभाऊंनी नवलनानाचा कळप बसवला होता. नवलनाना म्हणजे ठेलारी, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरणारा. साठीचा, काटक, डोक्याला लाल फेटा. पालाशी त्याची बायको सुंदरबाई, दोन घोडी, चार कोंबड्या आणि एक कुत्रा. सुलक्षणा शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिकडं गेली आणि तिनं एक कोकरू मागितलं. तासाभरासाठी.

‘‘शाळामा कोकरू?’’ नाना म्हणाला. ‘‘पटवर नाव टाकनं शे का त्यानं?’’

‘‘नाही नाना, पोरांना दाखवायचंय. आमच्या देवाच्या पुस्तकात मेंढपाळाची गोष्ट आहे.’’

‘‘मेंढपाळनी?’’ नानाचे डोळे लुकलुकले. ‘‘देवना पुस्तकमा आम्हनी गोष्ट?’’ तो बायकोकडं वळला. ‘‘ऐकं का व सुंदर, आपलं नाव शे म्हने पुस्तकमा!’’

सुंदरबाईला नावाचं काही कौतुक नव्हतं. तिला कोकराची काळजी. ‘‘ते दूधपितं पोर शे, बाई. दुपार व्हवाना आधी त्यानी मायजोडे पाहिजे.’’

‘‘अकरापर्यंत आणून देते, अक्का. माझा शब्द.’’

‘‘तू काय आणी देशी, मीच येस संगे,’’ नाना म्हणाला. ‘‘मन्हं जनावर मी एकलं कोठेच धाडत नही. आनि गोष्ट बी ऐकी लेस.’’

सुलक्षणाला काय, तिला आनंदच झाला. खरा मेंढपाळ, खरं कोकरू! टीव्हीवाल्यांच्या बापाला असं जमलं नसतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण बिचारीला तेव्हा कुठं ठाऊक होतं!

शनिवार उजाडला. सुलक्षणानं ठेवणीतली जांभळी साडी नेसली. फादर प्रेमराज मोटारसायकलवरून आले, मागच्या बाकावर वही उघडून बसले. त्यांच्या शेजारी सिस्टर रत्ना, हातात जपमाळ, आणि दाराबाहेर भरलेली बादली. न जाणो.

नाना कोकरू कवेत घेऊन आला. वर्गात एकच गलका झाला. काळ्या तोंडाचं, लोंबत्या कानांचं, तीन आठवड्यांचं पिल्लू ते. सतरा जणांच्या चौतीस हातांना एकाच वेळी त्याला हात लावायचा होता.

‘‘रांगेत!’’ दिपमाला ओरडली. पाचवीतली दिपमाला वर्गाची मॉनिटर. वसतिगृहात लहान पोरींच्या वेण्या घालणारी, हरवलेल्या चपला शोधून देणारी. टीचरनं डोळ्यांनी खुणावायच्या आत तिनं पोरांना बाकांवर बसवलंसुद्धा.

नाना दारातल्या उंबऱ्यावर टेकला, काठी मांडीवर आडवी घेऊन. सुलक्षणानं कोकरू टेबलावर उभं केलं आणि गोष्टीला सुरुवात केली. गोष्ट सांगावी तर तिनंच. मेंढपाळ कसा पहाटे उठतो, एकेका मेंढीला नावानं कशी हाक मारतो, संध्याकाळी कळप मोजताना एक कमी कशी भरते. पोरांचे श्वास अडकले. फादरांची पेन्सिल थांबली. आणि सुलक्षणानं आवाज चढवून सांगितलं, ‘‘आणि मग तो मेंढपाळ काय करतो? आपली नव्याण्णव मेंढरं रानात सोडतो, आणि त्या एकीला शोधायला निघतो!’’

‘‘थांब माय, जराखा थांब,’’ उंबऱ्यावरून आवाज आला.

सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या.

‘‘बाकीन्या नव्याण्णव कोनाजोडे सोड्यात त्यानी?’’ नानानं विचारलं.

‘‘रानात, नाना.’’

‘‘ते मी ऐकं. रानमा कोनाजोडे? बायको व्हती? भाऊ व्हता? कुत्रा तरी?’’

सुलक्षणानं आठवून पाहिलं. लहानपणापासून शंभरदा ऐकलेली गोष्ट. बायको? भाऊ? कुत्रा? ‘‘तसं काही... दिलेलं नाही.’’

‘‘एकल्या सोड्यात?’’ नाना उठूनच उभा राहिला. ‘‘मंग तो मेंढपाळ नही, येडा शे! एक हुडकाले जाई, तंवर लांडगा दहा खाई जाई!’’

झालं! चौथीतल्या भूषणनं हात वर केला. ‘‘खरं आहे टीचर, आमच्या पाड्यावर बिबट्यानं एका रात्रीत तीन शेळ्या नेल्या.’’ नूतन म्हणाली, ‘‘टीचर, चोर पण असतात.’’ तिसरीतला एक जण म्हणाला की मेंढ्या कापसात शिरल्या तर पुनाभाऊ मारतील. पोरं म्हणजे काय, डोंगरातली. शेळी राखणं त्यांना बाराखडीच्या आधी आलेलं. नव्याण्णव जनावरं वाऱ्यावर सोडणारा मेंढपाळ त्यांच्यापैकी एकालाही पटेना.

सुलक्षणानं सावरून घ्यायला बघितलं. ‘‘त्यानं कुणाला तरी सांगितलं असेल, नाना.’’

‘‘पुस्तकमा लिखेल शे का?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग सांगू नको. गोष्टमा नही ते घालू नही.’’ नानाचा आवाज चढलेला नव्हता. त्याला खरंच काळजी लागली होती, त्या नव्याण्णव मेंढरांची.

मागच्या बाकावर फादर प्रेमराज भराभरा काहीतरी लिहायला लागले. सिस्टर रत्नांची जपमाळ जोरात फिरू लागली. सुलक्षणाला कळून चुकलं की तास हातातून चाललाय. टीव्हीवरच्या मेंढपाळाला कोणी मधेच उठून सवाल विचारत नाही, हेच फादर लिहीत असणार. तिनं एक मोठा श्वास घेतला. थापा मारणं तिला कधी जमलं नव्हतं.

‘‘नाना,’’ ती म्हणाली, ‘‘त्यानं असं का केलं, मला माहीत नाही. मी कधी विचारच केला नव्हता.’’

वर्ग गप्प झाला. बाई असून माहीत नाही म्हणतात! आणि त्या शांततेत सुलक्षणाच्या लक्षात आलं की वर्ग जरा जास्तच शांत आहे. कोकराचं बें बें ऐकू येत नाहीये. तिनं टेबलाकडं पाहिलं. टेबल रिकामं.

वादाच्या भरात कोकरू कोणी खाली उतरवलं, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिनं बाकांवरून नजर फिरवली. पंधरा, सोळा. पहिल्या बाकावरची खिडकीकडची जागा रिकामी होती. फळ्याशेजारचं मागचं दार उघडं होतं.

‘‘रूपा कुठाय?’’

रूपा पावरा, दुसरीतली. सात वर्षांची. जूनमध्ये पाड्यावरून पहिल्यांदाच आलेली, आणि आली तेव्हा आईसाठी रोज रडणारी. गेले दोन महिने कुठं जरा रुळली होती. ‘‘टीचर, कोकरू लई रडत होतं,’’ शेजारची पोरगी म्हणाली, ‘‘रूपा म्हणाली त्याला आई पाहिजे. ती घेऊन गेली.’’

शाळेमागं पुनाभाऊंचं वावर. आणि वावराच्या अल्याडच्या कडेला, पालाकडं जाणाऱ्या पायवाटेला लागूनच, बिनकठड्याची विहीर.

पुढचं सुलक्षणाला नीट आठवत नाही. फादरांना ती काही बोलली नाही. सिस्टरांना काही सांगितलं नाही. सोळा पोरांकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मागच्या दारातून ती जी निघाली ती धावतच. चपला वर्गातच राहिल्या.

पुनाभाऊंच्या वावरात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या अजून उभ्या होत्या. ठेवणीतली साडी त्यांना अडकली, फाटली, तिनं ओढून घेतली. पायात काय रुतत होतं ते बघायला सवड नव्हती. ‘‘रूपा! ए रूपा!’’ आवाज खणखणीत असून फुटेना. ती विहिरीपाशी पोचली, गुडघ्यांवर बसली आणि आत वाकून पाहिलं. खाली हिरवं पाणी. दोन पारवे फडफडत वर आले आणि तिच्या तोंडावरून उडाले. पाणी हलत नव्हतं. हलत नव्हतं हे चांगलं की वाईट, हेच तिला कळेना. ‘‘मारिया माते, माझी पोर,’’ एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, आणि तेवढ्यात लांबून आवाज आला.

बें.

ती उठून पुन्हा धावली. बांध ओलांडला, नाल्यात उतरली. नाल्याच्या काठाला बाभळीच्या सावलीत नानाचा सगळा कळप टेकला होता. आणि मेंढरांच्या मधोमध, गणवेशाचा निळा फ्रॉक मातीनं माखलेला, रूपा पावरा मांडी घालून बसली होती. तिच्यापुढं काळ्या तोंडाचं कोकरू आईच्या पोटाखाली शिरून चुटूचुटू दूध पीत होतं. त्याची शेपटी अशी काही हलत होती की बास. पलीकडं सुंदरबाई तंबाखू मळत उभी.

‘‘टीचर!’’ रूपा आनंदानं ओरडली. ‘‘एवढ्यांच्यात त्यानं आपली आई बरोबर शोधली! मी फक्त सोडलं!’’

सुलक्षणानं तिला उचलली. आधी पाठीत एक धपाटा घातला, मग छातीशी धरली, मग रडायला लागली, आणि रडता रडता हसायलाच लागली. सुंदरबाई बघतच राहिली. ‘‘आंडेर शे का तुनी?’’ तिनं विचारलं. तुझी मुलगी का?

‘‘हो,’’ सुलक्षणा म्हणाली. खरं तर नव्हती. पण त्या घटकेला दुसरं काही तोंडातून निघणं शक्यच नव्हतं.

रूपाच्या पायात काटा मोडला होता. सुंदरबाईनं तो काढला, हळद दाबली. कोकरू आईपाशीच ठेवलं, ते काही उठायच्या बेतात नव्हतं. सुलक्षणानं रूपाला खांद्यावर बसवलं आणि ती परत निघाली. निम्म्या वाटेवर तिला एकदम आठवलं. फादर! पाठ! सोळा पोरं! तिनं कपाळाला हात लावला. फादर प्रेमराज पाठ बघायला आले, आणि टीचर वर्ग सोडून पळाल्या. आता टीव्ही काय, आणखी काही बसवलं तरी बोलायला तोंड नव्हतं. पण खांद्यावर पोरगी बसली होती, तिचे दोन हात केसांत होते आणि ती कोकराची शेपटी कशी हलते ते पुन्हा पुन्हा सांगत होती. त्यामुळं सुलक्षणाला वाईट वाटायला पाहिजे तेवढं काही वाटेना.

शाळेच्या मागच्या फाटकातून ती आत आली आणि जागच्या जागी थबकली.

मैदानातल्या मोठ्या निंबाखाली सोळाच्या सोळा पोरं गोल करून बसली होती, एकमेकांना खेटून. नवलनाना काठी आडवी धरून त्यांच्याभोवती फेऱ्या मारत होता. कोणी जरा उठायचं झालं की नाना तोंडानं ‘हुर्र’ करायचा आणि ते पोरगं खुदकन हसून खाली बसायचं. आणि त्या गोलात, नूतन आणि भूषणच्या मधे, पांढऱ्या झग्यावर माती लागलेले फादर प्रेमराजसुद्धा बसले होते. शेजारी सिस्टर रत्ना.

‘‘आम्ही तुमच्यामागं यायला निघालो होतो,’’ फादर केविलवाण्या आवाजात म्हणाले, ‘‘हे उठूच देईनात.’’

‘‘एक गयी तेवढी पुरे,’’ नाना म्हणाला. ‘‘जो तो पळत सुटना असता, मंग कोन कोनले हुडकतं? मी सांगं, बाबा, तू बी बस.’’ त्यानं रूपाला खांद्यावर पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. ‘‘सापडनी! कोकरू कोठे शे?’’

‘‘आईपाशी, नाना. दूध पितंय.’’

‘‘मंग झायं.’’

पोरांनी एकच गलका केला. रूपा, रूपा! नानानं काठी वर केली तशी सगळी पुन्हा गप्प. तो सुलक्षणासमोर येऊन उभा राहिला. तिच्या फाटक्या साडीकडं पाहिलं, रक्ताळलेल्या अनवाणी पायांकडं पाहिलं.

‘‘आते मले एक सांग माय,’’ तो म्हणाला. ‘‘तू ह्या सोळा पोरं कोनाजोडे सोडी गयती?’’

सुलक्षणानं तोंड उघडलं. खरंच, कोणाजवळ? फादरांना सांगितलं नव्हतं. नानाला सांगितलं नव्हतं. शेजारच्या वर्गालाही सांगितलं नव्हतं. ‘‘कोणाजवळच नाही, नाना,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या ध्यानातच आलं नाही.’’

नानानं मांडीवर थाप मारली. एवढी मोठी की निंबावरचे पोपट उडाले.

‘‘त्याना बी ध्यानमा ऊनं नसी!’’ तो पोरांकडं वळला. ‘‘समजनं का रे? तो येडा नव्हता. त्याले बी तुमनी टीचरसारखं व्हई गयथं. ती एक दिसत नव्हती, मंग दुसरं कायच दिसनं नही त्याले!’’

फादर प्रेमराज गोलातून हळूच उठले. या खेपेला नानानं त्यांना उठू दिलं. त्यांनी वही उघडली, वर्गात लिहिलेलं पान वाचलं, आणि त्या पानावर सावकाश आडवी रेघ मारली. ‘‘सुलक्षणा टीचर,’’ ते म्हणाले, ‘‘बावीस वर्षं मी येशूच्या या दाखल्यावर प्रवचन देतोय. नव्याण्णव कोणाजवळ सोडली, हे मला एकदासुद्धा सुचलं नाही.’’ त्यांनी वही मिटली. ‘‘या शाळेत टीव्ही नको. मी तसं कळवतो.’’

सिस्टर रत्नांनी ‘‘देवाची स्तुती असो’’ म्हणून हात जोडले. एवढ्या सगळ्या धावपळीत हे आपल्याला हवं होतं, हेच सुलक्षणा विसरून गेली होती! आणि आठवलं तसा तिचा आनंद गगनात मावेना.

‘‘तुला भीती नाही वाटली का गं, हरवलीस तेव्हा?’’ फादरांनी रूपाला विचारलं.

‘‘मी कुठं हरवले?’’ खांद्यावरून रूपा म्हणाली. ‘‘मला तर रस्ता माहीत होता. टीचरच रडत येत होत्या.’’

सगळे हसले, नाना तर डोळे पुसायला लागला. पण गोष्ट अजून पुरी व्हायची होती. ‘‘टीचर, पुढं काय झालं? मेंढपाळाला सापडली का?’’ नूतननं विचारलं, आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की गोष्ट अर्ध्यावरच राहिलीय. सुलक्षणानं ती तिथंच, निंबाखाली उभ्या उभ्या पुरी केली. मेंढी सापडली. मेंढपाळानं तिला खांद्यावर घेतलं. घरी आला, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावलं आणि म्हणाला, माझ्याबरोबर आनंद करा, माझी हरवलेली मेंढी सापडली.

‘‘खांद्यावर?’’ भूषण म्हणाला. ‘‘आत्ता रूपा बसलीय तशी?’’

‘‘हो, अगदी तशी.’’

भूषणनं रूपाकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. रूपा वरून राणीसारखी खाली बघत होती. ‘‘टीचर,’’ भूषण म्हणाला, ‘‘मग पुढच्या शनिवारी मी हरवणार.’’

‘‘नाही, मी!’’

‘‘मी आधी बोललो!’’

बघता बघता जो तो हरवायला निघाला. नानाच्या कपाळाला आठ्या पडल्या. मेंढपाळाला असलं बोलणं कसं सोसावं! ‘‘बठ्ठा, सगळाच हरवनात तर मन्हं काय व्हई?’’ तो म्हणाला, आणि मग जरा थांबून सुलक्षणाला हळूच म्हणाला, ‘‘त्या नव्याण्णवले बी कोनी खांदावर लेवाले पाहिजे व्हतं, माय. नही तर त्या बी पळनारच.’’

सुलक्षणानं त्याच्याकडं पाहिलं. मग तिनं रूपाला खाली उतरवलं, फाटका पदर कमरेला खोचला आणि खाली बसली. ‘‘चल रे भूषण. हरवायची गरज नाही. निंबाला एक फेरी. ये.’’

तो आला, नूतन आली, तिसरीतली तिघं एकामागोमाग आली. सहाव्या फेरीला सुलक्षणाला धाप लागली तसे फादर प्रेमराज पुढं झाले, झगा वर खोचून बसले आणि म्हणाले, ‘‘माझ्याकडं पाठवा.’’ नानानं काठी सिस्टर रत्नांच्या हातात दिली आणि तोही वाकला. मूल्यशिक्षणाचे वर्ग केव्हाच खिडक्यांना लटकले होते. टाळ्या, शिट्ट्या, आरडाओरडा. कोणी कुणाला आवरत नव्हतं.

सगळ्यांच्या फेऱ्या झाल्या. सुलक्षणा निंबाच्या बुंध्याला टेकून दम खात होती, तेव्हा तिला दिपमाला दिसली. बाजूला उभी होती. पोरांनी टाकलेल्या चपला जोड्या जोड्यांनी लावून ठेवत होती.

‘‘दिपमाला, तुझी फेरी?’’

‘‘मी नको, टीचर,’’ दिपमाला हसली, पण मान वर केली नाही. ‘‘मी मोठी आहे. आणि मी कुठं हरवते कधी?’’

खरंच, कधीच नाही. चार वर्षांत कोणाला दिपमालाला शोधावं लागलं नव्हतं. आजारी पडली तरी ती स्वतःच जाऊन गोळी मागून घ्यायची. तिचं नाव घेऊन कोणी कधी वावरातून धावलं नव्हतं, आणि हे आपल्या आजवर लक्षातही आलं नाही, याची सुलक्षणाला लाज वाटली.

ती उठली. पाय ठणकत होते, कंबर धरली होती. दिपमालासमोर जाऊन ती पाठमोरी खाली बसली.

‘‘टीचर, मी जड आहे हो.’’

‘‘असू दे,’’ सुलक्षणा म्हणाली. ‘‘बस.’’